न्हावऱ्याचा चौक आणि कागदावरचा गट

शिरूरहून चौफुल्याकडे उतरणारा रस्ता आणि शिक्रापूरहून इनामगाव, काष्टीमार्गे श्रीगोंद्याकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, तेथे न्हावरे वसले आहे. कागदोपत्री न्हावरे, लोकांच्या तोंडी न्हावरा. उत्तरेचा रस्ता तहसील आणि पंचायत समितीकडे नेतो, पश्चिमेचा पुण्याला, दक्षिणेचा भीमा ओलांडून दौंड तालुक्यात, तर पूर्वेचा घोड नदीपलीकडे नगर जिल्ह्यात. अशा चौकाच्या गावाच्या नावाने जिल्हा परिषदेचा गट ओळखला जावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्या गटाला नाव मिळाले म्हणून हाती काही मिळाले काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा कामास लागल्या. गटातून जिल्हा परिषदेचा एक सदस्य, आणि त्याच गटाच्या दोन गणांतून पंचायत समितीचे दोन, अशी ही सुटसुटीत मांडणी. पुणे जिल्ह्यात २०१७ साली असे ७५ गट होते. २०२५ च्या रचनेत ते ७३ झाले. शहराची हद्द फुगते तसतसे गट आक्रसतात.

या गटांच्या सीमा आखल्या कशा जातात, हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये शहराच्या वॉर्डाची हद्द ठरविणारा स्वतंत्र आयोग मतदारांच्या संख्येइतकेच महत्त्व तेथील वस्तीच्या आपलेपणाला देतो. लोक कोठे बाजार करतात, कोणत्या शाळेत मुले घालतात, कोणत्या रस्त्याने ये-जा करतात, याचे पुरावे रहिवाशांकडूनच मागविले जातात. आपल्याकडे नकाशा समोर ठेवून उत्तरेकडून आरंभ करावयाचा आणि लोकसंख्येचा ठरलेला आकडा भरेपर्यंत गावे जोडीत दक्षिणेकडे यावयाचे, असा प्रघात आहे. हरकती मागवितात, नाही असे नाही; पण आकड्यापुढे त्यांचे फारसे चालत नाही. आणि तो आकडा तरी कोणता? २०२१ ची जनगणना झालीच नाही. म्हणून २०२५ ची गटरचना २०११ च्या शिरगणतीवर झाली. मधल्या चौदा वर्षांत रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीने शिरूर तालुक्याचा तोंडवळा किती पालटला, हे त्या आकड्यांना ठाऊक नव्हते. त्यातच आरक्षणाचे चक्र फिरते. ते फिरलेच पाहिजे. त्यावाचून अनेकांना सभागृहाचे दार कधी दिसलेच नसते. तथापि पुढील खेपेस हाच गट आपल्याला मिळेल याची शाश्वती नसलेला सदस्य त्याची जोपासना कितपत करील, ही शंकाही उरतेच.

आता त्या सदस्याच्या हाती काय असते ते पाहू. चौकातील दोन्ही मोठे रस्ते त्याच्या अखत्यारीत नाहीत. न्हावऱ्याचे ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाच्या आरोग्य विभागाचे. वीज महावितरणची. साखर कारखाना सहकारी. त्याचा जाब विचारावयाचा तर सभासदांनी किंवा साखर आयुक्तांनी. जिल्हा परिषदेकडे उरतात त्या प्राथमिक शाळा, अंगणवाड्या, प्राथमिक आरोग्य केंद्रे, गावांना जोडणारे लहान रस्ते, पिण्याच्या पाण्याच्या योजना. ही कामे क्षुल्लक नव्हेत. शाळेचे गळके छप्पर ज्याच्या मुलावर ठिबकते, त्याला राष्ट्रीय महामार्गाहून ते मोठेच वाटते. परंतु या भागाचा जीव ज्यात अडकला आहे, ते पाणी आणि तो ऊस, दोन्ही गटाच्या सदस्याच्या कक्षेबाहेर आहेत.

पाण्याचेच घ्या. शिरूरचा पूर्वभाग पर्जन्यछायेचा. एका अंगाला घोड, दुसऱ्या अंगाला भीमा; नदीकाठ हिरवा, मधला माळ कोरडा. या माळाची आशा चासकमानच्या कालव्यावर. धरण खेड तालुक्यात, आणि ही गावे कालव्याच्या शेवटाकडची. वरची गावे पाणी घेतात आणि खाली आवर्तन पोहोचेपर्यंत पिकाने मान टाकलेली असते. जिल्हा परिषदेला शंभर हेक्टरांपर्यंतच्या लघुसिंचनाचाच अधिकार. कालव्याचे दार उघडण्यासाठी सदस्य फार तर निवेदन देऊ शकतो, आणि निवेदन शेतकऱ्यालाही देता येते.

न्हावऱ्याच्या पूर्वेस, घोडकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात तेथे उत्खनन केले. इसवीसनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ती वस्ती. तेथे पाण्याचा पाट सापडला आणि पाच खोल्यांचे एक मोठे घरही सापडले; त्या घराशेजारीच धान्याचे कोठार. ते घर गावप्रमुखाचे असावे आणि कोठारात गावाचे धान्य जमा होत असावे, असा संशोधकांचा तर्क आहे. तर्क खरा असेल तर त्या गावकऱ्याला एक सोय होती. पाणी, धान्य आणि उत्तर देणारा माणूस, तिन्ही एकाच गल्लीत.

पुढे या परिसरात असे कोठार उभे राहिले ते साखर कारखान्याच्या रूपाने. रावसाहेबदादा पवार घोडगंगा सहकारी साखर कारखाना न्हावऱ्यात आला आणि गटाची खरी राजधानी कोणती याचा निकाल लागला. संचालक मंडळाच्या निवडणुकीस जो रंग चढतो, तो जिल्हा परिषदेच्या निवडणुकीस क्वचितच. कारण उघड आहे. तोड कधी मिळणार, पैसे कधी जमा होणार, मुलाला कारखान्यात लावून घेणार काय, या प्रश्नांची उत्तरे तेथे होती.

२०२३-२४ च्या हंगामात हा कारखाना बंद होता. कारणांविषयी दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले आणि २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शिरूरच्या प्रचारात तो मुद्दा अग्रभागी राहिला. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. ज्याचा ऊस फडात उभा आहे त्याची स्थिती मात्र ध्यानात घ्यावी. ऊस तयार होऊन तोड लांबली की वजन घटते. परक्या कारखान्याच्या यादीत बिगर-सभासदाचा क्रम शेवटी. तोडणीच्या टोळीला खुशाली मोजावी लागते ती निराळीच. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ च्या नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. पण ऊस तोडलाच गेला नाही, तर तो दंडक कोणाला लावावयाचा?

आणि नेमक्या याच काळात गटालाही धनी नव्हता. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि प्रशासक आले. सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला तो मे २०२५ मध्ये. तोवर तीन वर्षे उलटून गेली होती. प्रशासक अकार्यक्षम असतात असे नव्हे. कित्येकदा त्यांच्या कारभारात फाइल लवकर हलते, हे विरोधकही मान्य करतात. पण प्रशासकाला न्हावऱ्याच्या चौकात कोणी गाठू शकत नाही. लग्नाच्या मांडवात, दहाव्याच्या घाटावर, चहाच्या टपरीवर सदस्याला अडवून "आमच्या वस्तीच्या रस्त्याचं काय केलंत?" असे विचारता येते. त्याचे अधिकार तोकडे असोत. त्याला लाज वाटण्याची सोय आहे. लोकशाहीतील ही एक सोय शिरूरच्या खेड्यापाड्यांनी कारखाना बंद असतानाच्या काळातही गमावली होती, आणि तिचा हिशेब कोणत्याही अहवालात मांडलेला नाही.

त्या हंगामात न्हावऱ्याच्या चौकात उभे राहिले, तर उसाने भरलेल्या ट्रॉल्या दिसत. काही दक्षिणेकडे, दौंडच्या बाजूला वळत. काही पूर्वेकडे, श्रीगोंद्याच्या वाटेला लागत. कारखाना ज्या गावात, त्या गावाकडे मात्र एकही ट्रॉली वळत नव्हती.