बकरीच्या जबड्यावरचे शिक्षण

ओळखीतल्या एका तरुण डेंटिस्टने गेल्या महिन्यात नागपूरच्या एका हॉटेलात दोन दिवसांचा ‘हँड्स-ऑन’ कोर्स केला. फीसाठी क्लिनिकच्या कर्जातले पैसे वळवले. पहिला दिवस स्लाइड्स बघण्यात गेला. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या टेबलावर एकेक बकरीचा जबडा आला, त्यात इम्प्लांट बसवला, फोटो निघाला, प्रमाणपत्र मिळाले आणि जेवणानंतर कंपनीच्या माणसाने किटची किंमत सांगितली. परत आल्यावर त्याच आठवड्यात जबड्याखाली सूज आलेला, तोंड न उघडणारा एक मजूर त्याच्या खुर्चीत बसला. या पोराने चिठ्ठी लिहिली : मेडिकलला न्या. मेडिकल म्हणजे नागपूरचे मेडिकल कॉलेज, त्याच्या चंद्रपूरहून दीडशे किलोमीटर.

त्याला मी बोल लावत नाही. आत साचलेल्या पुवाला वाट कुठून करून द्यायची, हे त्याच्या हाताला कुणी शिकवलेच नव्हते. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा : हे शिक्षण आमच्या भागात एकेकाळी फुकट मिळत होते.

त्या काळाच्या आधीची वर्षे भराभर उरकतो, कारण त्यांत सांगण्यासारखे थोडेच आहे. १९४८ चा डेंटिस्ट कायदा, १९६८ चे नागपूरचे सरकारी डेंटल कॉलेज, १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा काढलेला गडचिरोली जिल्हा. या सगळ्या काळात गावातल्या माणसाचा दात दुखला की आधी पुजारी, मग बाजाराच्या दिवशी पक्कड घेऊन बसणारा, आणि तोही नसला तर दात आपोआप पडेस्तोवर वाट. १९९१ ला वर्ध्याजवळ सावंगीला डेंटल कॉलेज निघाले, पुढे नागपूरजवळ हिंगण्याकडेही निघाली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाट्याला त्यातले एकही आले नाही.

मी ज्याला आपले दशक म्हणतो ते १९९३ ते २००२ चे. सुरुवातीला गडचिरोलीची दारूबंदी, शेवटी राज्यातली पहिली गुटखाबंदी. दोहोंच्या मधे पानठेल्यांवर पुड्यांच्या माळा लटकल्या आणि प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू, चुना घोटून देणारा खर्रा शाळकरी पोरांच्या गालात जाऊन बसला. ज्या ग्रामीण रुग्णालयात मी जात असे तिथे डेंटल खुर्ची होती, कॉम्प्रेसर नव्हता. काचेच्या सिरिंज उकळून वापरल्या जात. एचआयव्हीच्या धास्तीने उकळण्यावरचा विश्वास उडाला तेव्हा आम्ही वर्गणी काढून घरगुती प्रेशर कुकर आणला. वीज गेली की सिस्टर बॅटरी धरत. त्यांचा हात दुखला की प्रकाश घशाकडून नाकाकडे सरके.

या खोलीत शनिवारी आमचे सर यायचे. एमडीएस झालेले, नागपूरला उत्तम प्रॅक्टिस, पण लाल एसटीने उतरायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत. भाषण द्यायचे नाहीत. खालची दाढ काढायला घेतली की आपल्या मागे उभे राहायचे आणि उजव्या हाताकडे बघायचेच नाहीत. ‘डावा हात कुठे आहे?’ हा त्यांचा एकच प्रश्न. डाव्या हाताची दोन बोटे दाढेच्या दोन्ही बाजूंना हाडावर ठेवायची. एलिव्हेटरने जोर लावताना हाड किती पसरते ते बोटांना कळते. पसरायचे थांबले की जोरही थांबवायचा, मायक्रोमोटरने दाढेचे दोन तुकडे करायचे आणि एकेक मूळ वेगळे काढायचे. जो हे शिकला नाही तो जोर वाढवतो. मग मूळ तुटते, कधी जबडाही. पुस्तकात हे सगळे आहे. पण आपण जोर जास्त लावतोय हे सांगायला पुस्तक मागून कोपर धरत नाही.

खर्ऱ्याने आवळलेले तोंड हा त्या खोलीतला खरा वर्ग होता. गाल पांढरे, दोरखंडासारखे ताठ. दोन बोटेही आत जात नाहीत आणि पेशंट म्हणतो, ‘दाहाड काहाडून द्या जी, जेवनच नाही होत.’ खालच्या जबड्याची नेहमीची भूल द्यायला तोंड मोठे उघडावे लागते; इथे ते उघडतच नाही. सरांनी आम्हांला मिटल्या तोंडाने भूल द्यायला शिकवले. वझिरानींनी १९६० साली आणि नायजेरियातल्या अकिनोसींनी १९७७ साली मांडलेली ही पद्धत : दात मिटलेले, गाल बाजूला ओढलेला, सुई वरच्या दाढांच्या हिरडीच्या पातळीला समांतर मागे न्यायची, साधारण अडीच सेंटिमीटर. हाडाला टेकत नाही, त्यामुळे शिकणाऱ्याचा जीव टांगणीला. पहिल्या खेपेला सरांनी माझ्या मनगटाखाली आपली बोटे ठेवली आणि सुई जिथे वळायला लागली तिथे हलकेच दाबली. पाच-सात मिनिटांनी पेशंटचा ओठ जड झाला. आमच्या जिल्ह्यांत ही भूल प्रत्येक डेंटिस्टला यायला हवी. परीक्षेत मात्र तिच्यावर टीप आली तर आली.

सर आम्हांला पेशंटला विचारायला लावत तो प्रश्न सिकलसेलचा. इथल्या आदिवासी आणि अनेक दलित, बहुजन घरांत हा आजार पिढ्यांनुपिढ्या चालत आलेला. अशा माणसाला उपाशी, तहानलेला, घाबरलेला खुर्चीत बसवून दाढ उपटली आणि मागे जंतुसंसर्ग राहिला, तर सांध्यांतल्या कळांनी तो आठवडाभर लोळतो. म्हणून आधी पाणी पाजायचे, अंगावर पांघरूण, काम छोटे करायचे, आणि शंका असली तर रक्ताची तपासणी झाल्याशिवाय हात लावायचा नाही.

आणि अस्वल. मोहफुलांच्या दिवसांत माणूस पहाटे झाडाखाली जातो, अस्वलही तिथेच येते आणि झेपावते ते बहुधा चेहऱ्यावर. गाल लोंबतोय, जबडा मोडलाय, नागपूर सात-आठ तासांवर. हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ पासून अशी माणसे शिवत आले. बाकी जिल्ह्यात निदान रक्त थांबवणे, श्वास मोकळा ठेवणे आणि मोडलेला जबडा दातांना तार बांधून स्थिर करणे एवढे तरी साध्या बीडीएसला यावे, हा सरांचा हट्ट होता. तारेचे गुंडाळे ते स्वतःच्या पिशवीतून आणत.

याच दशकात, याच गडचिरोलीत, शोधग्रामच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंगांनी जेमतेम शिकलेल्या गावातल्या बायकांना नवजात बाळाला इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आकडे छापून आले : तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. तरी त्या सुमारास एका परिषदेत व्यासपीठावरच्या एका मोठ्या सर्जनने मला सुनावले होते की जनरल डेंटिस्टने हाडाला हात लावणे म्हणजे पेशंटच्या जिवाशी खेळ, पाठवा आमच्याकडे. पाठवतो साहेब, पण भामरागडहून? पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तिथून गडचिरोलीसुद्धा गाठता येत नाही. त्या सभेत टाळ्या त्यांनाच पडल्या. आज हॉटेलातल्या कोर्सची फी घेणारे बरेचसे त्याच टाळ्यांतून पुढे आलेले आहेत, आणि आता मात्र जनरल डेंटिस्टने हाडात स्क्रू बसवायला त्यांची काही हरकत नाही.

पुढची वर्षे मला कंटाळवाणी वाटतात. २००४ साली सुप्रीम कोर्टात गुटखाबंदी पडली, २०१२ ला नवी आली, खर्रा दोन्ही वेळा ठेल्यावरच होता. सर गेले. शनिवार आपोआप बंद पडला. कुणी बंद केला नाही, म्हणून कुणाला जाबही विचारता येत नाही. खासगी कॉलेजे वाढली तशी पेशंटपेक्षा इंटर्न जास्त झाले; एक दाढ, चौघे बघणारे, आणि लॉगबुकात चौघांच्याही नावावर सही. ग्रामीण रुग्णालयांत कंत्राटी डेंटिस्ट आले. त्यातल्या एकाने मला सांगितले की त्याच्याकडून ओपीडीचा आकडा दर महिन्याला मागतात, शस्त्रक्रियेचा एकदाही मागितला नाही. मग तो कशाला करील?

मधे एकदा हाताची किंमत कळली होती. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, वरचे दात एकदम हलायला लागलेले मधुमेही येऊ लागले. काळी बुरशी. ज्यांना टाळूवरचा काळा डाग ओळखता आला आणि तिथला तुकडा तपासणीला काढता आला, त्यांनी पेशंट वेळेत पाठवले. बाकीच्यांनी अँटिबायोटिक देऊन चार दिवसांनी यायला सांगितले. ती साथ ओसरली आणि शहाणपणही ओसरले.

२०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा झाला. चंद्रपूरला सरकारी मेडिकल कॉलेज २०१५ पासून आहे, आता गडचिरोलीलाही झाले. दोन्हींकडे ऑपरेशन थिएटर आहे, रक्तपेढी आहे, भूलतज्ज्ञ आहे. आमच्या कुकरच्या खोलीत यातले काहीच नव्हते. आठवड्यातला एक दिवस आजूबाजूच्या डेंटिस्टांसाठी राखून ठेवायला नवी इमारत लागत नाही, निविदाही लागत नाही. बकरी तर मुळीच नको, कारण आवळलेली तोंडे आणि अडकलेल्या अक्कलदाढा ओपीडीबाहेर रांगेत उभ्याच आहेत.

शिकवायला मागे उभे राहणारा माणूस तेवढा हवा. नागपूर-वर्ध्याच्या कॉलेजांतून निवृत्त झालेले ओरल सर्जन हे वाचत असतील, तर त्यांना माझी विनंती आहे : महिन्यातला एक शनिवार द्या. गडचिरोलीची गाडी नागपूरच्या स्टँडवरून आजही सुटते. त्या मजुराच्या जबड्यातला पू अखेर नागपूरलाच काढला, तिसऱ्या दिवशी.