सोपा इतिहास, सोपं विज्ञान: मराठीत शोधायचं कुठे?

ग्रंथालयात इतिहासाचं सोपं पुस्तक मागितलं, की हमखास ऐतिहासिक कादंबरी हातात येते. मग समज पक्का होतो: कादंबरी म्हणजेच सोपा इतिहास आणि खरा इतिहास म्हणजे अभ्यासकांचे जाडजूड खंड.

वस्तुस्थिती वेगळी आहे. विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ उघडून पाहा. वरसईचे हे भटजी दक्षिणेच्या आशेने काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि 1857च्या बंडात सापडले. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. कमावलेलं लुटलं गेलं, तरी गंगेची कावड घेऊन घरी परतले. घरी बसून गोष्ट ऐकावी, तसं हे पुस्तक वाचता येतं. मात्र आवृत्ती पाहून घ्या. 1907 साली चिं. वि. वैद्यांनी ते फेरफार करून छापलं होतं. मूळ हस्तलिखितावरची दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती 1966 साली आली.

कादंबरी जरूर वाचावी, पण तिच्यातले संवाद लेखकाचे असतात. ‘श्रीमान योगी’ हाती असेल तर बरेच जण ओलांडतात ती नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना आधी वाचा. शिवचरित्राकडे कसं पाहावं, हे ती शिकवते. पानिपतावरची कादंबरी आवडली असेल, तर त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘पानिपत : 1761’ घ्या.

‘विज्ञान मराठीत जमत नाही, परिभाषा आडवी येते,’ हेही नेहमी ऐकू येतं. पण पुण्यातून ‘सृष्टिज्ञान’ हे विज्ञानाचं मासिक निघू लागलं 1928 मध्येच! जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’ किंवा अच्युत गोडबोले यांचं ‘किमयागार’ घेऊन मधलंच एखादं पान वाचून बघा. परिभाषेचा शब्द आला की तिथेच उलगडून सांगणारा लेखक आपल्या कामाचा.

जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं म्हणून लगेच घेऊ नका. आवृत्ती पाहून घेतली तर इतिहासाचं चालतं, पण विज्ञानाचं असेल तर छपाईचं साल बघा: 2006च्या आधीच्या पुस्तकात प्लूटो अजून नववा ग्रह असेल.

पुस्तकं महाग म्हणून वाचन अडतं, असंही नाही. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तकं तशीच उतरवून घेता येतात.