पाण्याचा अहवाल चांगला, पण गाळाचं काय?

"डॉक्टरसाहेब, साखर एकदम नॉर्मल आली," असं म्हणत रुग्ण कागद पुढे करतात. उपाशीपोटीची साखर खरंच 98 असते. शेजारी उभ्या असलेल्या बाई हळूच सांगतात, "तपासणीआधी चार दिवस यांनी गोड बंद केलं होतं." मग मी एचबीएवनसी करायला लावतो, तर आकडा येतो 9. पहिली तपासणी त्या सकाळची साखर सांगते, दुसरी गेल्या दोन-तीन महिन्यांची.

तलावांचंही असंच आहे. पाणी तपासलं की त्या दिवसाची स्थिती कळते. गेल्या कित्येक वर्षांत तलावात काय काय आलं, ते कळतं तळाच्या गाळावरून.

नदी समुद्राजवळ आली की तिचा वेग मंदावतो आणि अंगावरची बारीक माती खाली बसते. त्यातून त्रिभुज प्रदेश तयार होतो. शिसं, कॅडमियम, पारा हे जड धातू आणि काही कीटकनाशकं या बारीक मातीच्या कणांना चिकटतात. म्हणून त्रिभुज प्रदेशातला तलाव म्हणजे वरच्या साऱ्या मुलखाची मोरीची जाळीच.

आंध्र प्रदेशातलं कोल्लेरू सरोवर घ्या. ते कृष्णा आणि गोदावरी यांच्या त्रिभुज प्रदेशांच्या मधल्या सखल भागात आहे. या दोन्ही नद्या उगम पावतात आपल्याकडे, महाबळेश्वरला आणि त्र्यंबकेश्वरला. वाटेतल्या धरणांत बराच गाळ अडतो, त्यामुळे नाशिक-सांगलीची घाण थेट तिथे पोचते असं म्हणता येणार नाही. कोल्लेरूत येतात बुडमेरू आणि तम्मिलेरू हे प्रवाह, आणि त्यांच्यासोबत कालव्यांचं, शेतांचं, गावांचं सांडपाणी. बाहेर पडायला मात्र उप्पुटेरू ही एकच वाट. 1999 मध्ये हे अभयारण्य झालं, 2002 मध्ये रामसर यादीत गेलं. तरीही सरोवरात मत्स्यतळ्यांचे बांध वाढत राहिले आणि 2006 मध्ये सरकारला ते फोडावे लागले. मत्स्यतळ्यांतलं खाद्य, खत, औषधं यांचा उरलेला अंश अखेर तळाशीच बसतो.

अशा तलावाची तपासणी नीट कशी करायची? आधी पाणी. त्यात विरघळलेला प्राणवायू, नायट्रेट, फॉस्फेट आणि क्षार पाहतात. इथे वेळ महत्त्वाची. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री वापरतं. त्यामुळे दुपारी घेतलेला नमुना छान दिसतो, तर पहाटे त्याच पाण्यात मासे तडफडत असतात. मग गाळ. तळात नळी खुपसून गाळाचा उभा दांडा बाहेर काढतात आणि थराथराने तपासतात. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. बारीक चिकणमातीत धातू मुळातच जास्त असतात. म्हणून नुसता आकडा पाहून घाबरायचं नाही, तो खालच्या जुन्या थरांशी ताडून पाहायचा.

"पण गाळ तळाशी पडून आहे, तर आपल्याला काय त्याचं?" हा प्रश्न रास्त आहे. गाळ मात्र कायम गप्प बसत नाही. तळाचा प्राणवायू संपला की लोहाशी बांधलेलं फॉस्फरस सुटतं आणि बाहेरचं सांडपाणी बंद केलं तरी शेवाळ माजत राहतं. गाळ उघडा पडून सुकला किंवा खारं पाणी आत शिरलं, तर काही धातू पुन्हा पाण्यात उतरतात. प्राणवायू नसलेल्या चिखलातले जिवाणू पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. ते लहान माशातून मोठ्या माशात आणि तिथून ताटात येतं. त्याचा सर्वांत मोठा धोका गर्भातल्या बाळाच्या मेंदूला. जपानच्या मिनामाता खाडीत या विषाचे रुग्ण 1956 मध्ये नोंदले गेले. कारखान्याने पारा सोडणं 1968 मध्ये थांबवलं, पण तळाचा गाळ उपसून बंदिस्त करण्याचं काम 1990 पर्यंत चाललं.

आता आपल्या दारात येऊ. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत धरणा-तलावांतला गाळ शेतात टाकला जातो. योजना चांगली आहे. डोंगरातून, शेतांतून वाहून आलेला गाळ म्हणजे जमिनीचं सोनंच. पण ज्या तलावाच्या वरच्या अंगाला शहराचं गटार किंवा कारखाने आहेत, तिथला गाळ टाकण्याआधी त्यातले धातू तपासायला हवेत. कॅडमियम पालेभाजीत आणि भातात सहज चढतं, आणि शरीरात गेलं की मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साचतं. एकदा शेतात मिसळलेला गाळ वेचून काढता येत नाही.

आणि घरासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण थोडं वाढतंच.

गावच्या तलावाचा अहवाल ग्रामसभेत वाचला जाईल, तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारा. नमुना किती वाजता घेतला? गाळ तपासला का? आणि त्या तलावातले मासे तपासले का? अहवालात पहिल्या प्रश्नाचंच उत्तर असेल, तर हाती आली आहे ती फक्त उपाशीपोटीची साखर.