कॅम्परव्हॅनमध्ये एसी हवाच, आणि असेच काही समज

कॅम्परव्हॅन करायची ठरली की मीरा रोडचा माणूस पहिली चौकशी एसीची करतो. खरं तर आधी मोजायची टेप घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये जायला हवं. फोर्स ट्रॅव्हलरसारखी गाडी अडीच मीटरच्या आसपास उंच भरते. तिच्यावर छताचा पंखा आणि सोलर पॅनल चढलं की आणखी वीतभर. इतकी उंच गाडी बहुतेक इमारतींच्या स्टिल्टखाली जात नाही. म्हणजे ती बाराही महिने उघड्यावर, खाडीच्या आणि उत्तनकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहणार. आत काय बसवायचं आणि कशाची काळजी घ्यायची, यातलं बरंचसं या एका गोष्टीवर ठरतं.

‘गाडी आपली, आत काय करायचं ते आपण बघू’ हा सर्वांत महागात पडणारा समज. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. दंड आहे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये, शिवाय सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद. त्याहून मोठा धोका विम्याचा. नोंदणीत प्रवासी गाडी आणि आत पलंग-ओटा, असं निघालं की अपघाताच्या दाव्यात कंपनीच्या हाती आयतंच कारण मिळतं. दुसऱ्या टोकाला ‘भारतात कॅम्परव्हॅनला परवानगीच नाही’ म्हणणारेही आहेत. तेही खरं नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि त्यानुसार मंजूर झालेली गाडी रीतसर नोंदवता येते. गॅरेजवाला ‘आरटीओचं मी बघतो’ म्हणाला, तर त्याच्याकडे आधीच्या एखाद्या गाडीचं आरसी मागावं. त्यावर वाहनाचा प्रकार काय लिहिलाय, ते वाचलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

आता एसी. ‘छतावर सोलर टाकलं की रात्रभर एसी चालेल’ हे वाक्य गाडी करून देणारेसुद्धा बिनदिक्कत बोलतात. हिशोब असा आहे: एक टनाचा एसी रात्रीच्या आठ तासांत ५-६ युनिट वीज खातो. १५० एएचच्या लेड-ॲसिड बॅटरीत असते १.८ युनिट, आणि तीही निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर लवकर मरते. २०० एएचच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीत अडीच युनिट. ४०० वॉटचं पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला दीड-दोन युनिट देतं. जुलैत किती देणार, ते इथल्या आभाळाकडे बघून समजा. उलट १२ व्होल्टचे दोन पंखे रात्रभर लावले तर ०.४ युनिट, छोटा कंप्रेसर फ्रिज दिवसाला अर्धा युनिट, दिवे आणि फोन मिळून ०.२. हे सगळं त्याच लिथियम बॅटरीवर दोन दिवस निघतं. आपल्याकडे झोप उडते ती बहुतेकदा घामाने, आणि घामावर उपाय वाहती हवा. छताला हवा बाहेर फेकणारा पंखा आणि समोरच्या बाजूला जाळीची खिडकी. एसी लावायचाच असेल तर मुक्कामी वीजजोड मिळेल अशीच जागा गाठावी.

इंडक्शनचंही असंच. १५०० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर सव्वाशे अँपिअरहून जास्त प्रवाह. घरच्या वायरिंगच्या अंदाजाने ओढलेली तार इथे तापून वितळते. जाड केबल आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, यात तडजोड नको. गॅस वापरणाऱ्यांचा समज निराळा: ‘खिडकी उघडी आहे ना, मग झालं.’ एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की तो खिडकीकडे जात नाही, पलंगाखाली साचतो. म्हणून टाकीच्या कप्प्याला तळाशी, थेट गाडीखाली उघडणारं भोक हवं. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला पर्यटकांच्या उभ्या रेल्वेडब्यात सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले. डबा उभा होता म्हणून काही सुरक्षित ठरला नाही.

सुतारकामात चूक होते ती चांगुलपणापोटी. घरची कपाटं करणारा सुतार १८ मिमीचा प्लाय मजबूत म्हणून लावतो. आठ बाय चारचा असा एक तक्ता साधारण ३५ किलोचा. आठ तक्ते लागले की पावणेतीनशे किलो, त्यात पाण्याची शंभर लिटरची टाकी म्हणजे आणखी शंभर. सामान आणि माणसं भरून गाडी एकदा हायवेवरच्या वजनकाट्यावर न्या आणि आकडा आरसीवरच्या कमाल वजनाशी ताडून पाहा. घाटात ब्रेक का तापतात, ते तिथे कळतं.

‘स्टील आहे, गंजणार नाही’ हे तर भाईंदरमध्ये कोणी म्हणूच नये. पूर्वेच्या गाळ्यांमध्ये स्टीलची भांडी घडवणारं हे गाव. सिंक आणि ओटा इथे हव्या त्या मापात करून मिळतो. पण पत्रा २०२ ग्रेडचा की ३०४ चा, हे विचारावं लागतं. २०२ मध्ये निकेल कमी असतं, खाऱ्या हवेत त्यावर तांबूस डाग पडतात. चुंबक लावून फरक कळत नाही, दोन्ही ग्रेडना तो चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्यावा.

बाकी गंज खालून येतो आणि पाणी वरून. किनाऱ्याजवळून आल्यावर लोक काच आणि बॉनेट धुतात. मीठ असतं चाकांच्या कमानीत आणि चासीच्या सांध्यांत. गोड्या पाण्याचा फवारा तिथे मारायचा. छतावर पंख्यासाठी कापलेल्या भोकाभोवती साधं सिलिकॉन लावतात, ते ऊन आणि हादरे फार काळ सोसत नाही. ब्युटाइल टेप आणि वर पॉलियुरेथेन सीलंट टिकतं. मे अखेरीस आतून त्या कडेच्या प्लायवर अंगठा दाबून बघा. मऊ लागला तर पाणी गेल्याच पावसाळ्यात शिरलंय. नुसतं आणखी सीलंट थापून काही होत नाही, पंखा उतरवून कुजलेला भाग बदलावा लागतो.

२०२१ च्या राज्याच्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणामुळे कुठेही गाडी लावून झोपता येतं, असंही काही जण धरून चालतात. ते धोरण कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क यांना चालना देण्यासाठी आहे, किनाऱ्यावर किंवा वनजमिनीत मुक्कामाचा परवाना नव्हे. कॅसेट टॉयलेटची टाकी कुठे रिकामी होणार, हेही निघण्याआधीच एखाद्या रिसॉर्टशी बोलून ठरवावं. गटार हा पर्याय नाही.

शेवटचा समज सोसायटीच्या पार्किंगमधला: उभी गाडी झिजत नाही. उभ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात, हँडब्रेक ओढून ठेवला तर ब्रेक दमटपणात चिकटतात, गादीखाली बुरशी धरते. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत, गाद्या उभ्या कराव्यात आणि आठवड्यातून एकदा हायवेला काशिमीऱ्यापासून वर्सोवा पुलापर्यंत तरी फिरवून आणावी, कारण जागेवर इंजिन गुरगुरवून ना बॅटरी नीट भरते ना ब्रेक मोकळे होतात. टायरची नक्षी कोरी दिसते म्हणून खूश होऊ नये. कडेवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. जेमतेम चाललेल्या कॅम्परचे टायर नक्षी झिजण्याआधी वयानेच संपतात. पाच-सहा वर्षं झाली की बदलावेत, आणि स्टेपनीचं सालही पाहावं.