बीपीडी: आजार मोजायचा कसा, हाच खरा प्रश्न

आपल्याकडे आजीच्या तोंडी ‘सातमाशी बाळ’ हा शब्द हमखास असतो. आज आपण बोलणार आहोत त्याहूनही लवकर, म्हणजे 28 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांबद्दल. यातली बरीच बाळं आता जगतात. पण काहींच्या मागे फुफ्फुसाचा एक जुनाट त्रास लागतो: ब्राँकोपल्मोनरी डिस्प्लाझिया, थोडक्यात बीपीडी. हा आजार समजून घेताना संशोधनाची एक मूलभूत गोष्ट शिकता येते. आपण जे मोजतो, त्याची व्याख्या कोणी आणि कशी केली?

आधी थोडं शरीरशास्त्र

25व्या आठवड्यात बाळाच्या फुफ्फुसात खरे वायुकोश नसतातच, नुसत्या पातळ भिंतींच्या नळ्या आणि पिशव्या असतात. वायुकोश मुख्यतः शेवटच्या आठवड्यांत आणि जन्मानंतर तयार होतात. शिवाय हे कोश मिटू न देणारा सर्फॅक्टंट नावाचा साबणासारखा पदार्थ अजून पुरेसा नसतो. त्याची कमतरता हेच श्वास अडण्याचं कारण आहे, हे एव्हरी आणि मीड यांनी 1959 मध्ये दाखवलं.

1967 मध्ये नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी 32 बाळांचा अभ्यास मांडला आणि बीपीडी हे नाव दिलं. व्हेंटिलेटरचा दाब आणि भरपूर ऑक्सिजन यांनी फुफ्फुसावर व्रण पडले होते. म्हणजे उपचारच इजेचा भाग होता! 1980 मध्ये जपानच्या फुजिवारांनी 10 बाळांना बाहेरून सर्फॅक्टंट दिलं आणि चित्र पालटलं. आज दिसणारा बीपीडी वेगळा आहे. व्रण कमी, पण वायुकोश थोडे आणि मोठाले. फुफ्फुसाची वाढच मध्ये थांबल्यासारखी.

व्याख्या: कॅलेंडर आणि नळी

बीपीडीची एखादी रक्ततपासणी नाही. सुरुवातीला 28 दिवसांनंतरही ऑक्सिजन लागतो का, हे बघत. 1988 पासून ‘गर्भवय धरून 36 आठवडे पूर्ण होताना ऑक्सिजन लागतो का’ हा निकष रुळला. 2001 मध्ये सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्या आल्या. 2019 मध्ये जेन्सन आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की 36 आठवड्यांना श्वासासाठी कोणता आधार लागतोय, त्यावरून पायरी ठरवावी.

आता गंमत बघा. मी हे हिंजवडीत बसून लिहितेय, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे 6 टक्के कमी. हवेत ऑक्सिजन 21 टक्केच, पण फुफ्फुसापर्यंत मुंबईइतका पोचवायचा तर इथे साधारण साडेबावीस टक्के लागेल. फरक छोटा आहे. पण अगदी काठावरचं बाळ मुंबईत ‘बीपीडी नाही’ आणि पुण्यात ‘बीपीडी आहे’ ठरू शकतं. फुफ्फुस तेच, गाव वेगळं.

दुसरी अडचण डॉक्टरांच्या सवयीची. पल्स ऑक्सिमीटरवर 88 दिसलं तर एखादं युनिट ऑक्सिजन लावतं, दुसरं थांबतं. अमेरिकेतल्या सपोर्ट नावाच्या प्रयोगात (2010) 24 ते 27 आठवड्यांच्या 1316 बाळांचे दोन गट केले होते. एकात ऑक्सिजनची पातळी 85 ते 89 ठेवायची, दुसऱ्यात 91 ते 95. कमी पातळीच्या गटात 36 आठवड्यांना ऑक्सिजनवर असलेली बाळं कमी निघाली. साहजिकच, त्यांना द्यायचाच कमी होता! ऑक्सिजन हळूहळू उतरवून, बाळ साध्या हवेत तग धरतं का हे तपासल्यावर दोन गटांतला फरक ठोस उरला नाही.

जे जगलेच नाहीत, त्यांचं काय?

त्याच प्रयोगात कमी पातळीच्या गटात घरी जाण्याआधी 19.9 टक्के बाळं दगावली, तर दुसऱ्या गटात 16.2 टक्के. फक्त ऑक्सिजनवर किती बाळं, एवढंच बघितलं असतं तर कमी पातळीचा गट सरस वाटला असता.

एक काल्पनिक हिशोब करू. दोन रुग्णालयं, प्रत्येकी 100 बाळं. पहिल्यात 30 दगावली, उरलेल्या 70 पैकी 21 ना बीपीडी, म्हणजे 30 टक्के. दुसऱ्यात 10 दगावली, 90 पैकी 36 ना बीपीडी, म्हणजे 40 टक्के. पहिलं रुग्णालय चांगलं? बीपीडीशिवाय जगलेली बाळं मोजा: पहिल्यात 49, दुसऱ्यात 54. म्हणूनच चांगल्या पेपरांत ‘बीपीडी किंवा मृत्यू’ असा एकत्रित निष्कर्ष असतो, आणि त्याचे दोन्ही भाग वेगळेही दिलेले असतात.

36 आठवडे, पण कुठून मोजून?

सगळा डोलारा गर्भवयावर उभा आहे. त्याचा धडा आपल्या जवळच आहे. 2011 ते 2014 मध्ये सहा देशांत, भारतात नागपूर आणि बेळगाव इथे, एक मोठा प्रयोग झाला. लवकर प्रसूती होईलसं वाटणाऱ्या बायकांना बाळाच्या फुफ्फुसासाठी स्टेरॉइड देण्याची मोहीम होती. पाळीची तारीख अनेकींना पक्की ठाऊक नसते, म्हणून अपुऱ्या दिवसांची खूण म्हणून कमी जन्मवजन धरलं. त्या लहान बाळांत मृत्यू घटले नाहीत आणि एकूण नवजात मृत्यू वाढले: हजारी 23.9 ऐवजी 27.4. पुढे 2020 मध्ये पाच देशांतल्या रुग्णालयांत, सोनोग्राफीने वय ठरवून 26 ते 33 आठवड्यांतच औषध दिलं, तेव्हा नवजात मृत्यू 23.5 वरून 19.6 टक्क्यांवर आले. अर्थात दुसऱ्या प्रयोगात नवजात बाळांची देखभालही चांगली होती, त्यामुळे सगळं श्रेय तारखेला देऊ नका.

तेव्हा बीपीडीवरचा पेपर हातात घेतलात की निकालाच्या तक्त्याआधी पद्धतीचा भाग उघडा आणि चार गोष्टी शोधा: वय कसं ठरवलं, ऑक्सिजन कोणत्या आकड्याला लावला, रुग्णालय किती उंचीवर आहे, आणि छेदात कोण आहे: जन्मलेली सगळी बाळं की फक्त जगलेली. यातलं एखादं उत्तर सापडलं नाही, तर त्या टक्केवारीची दुसऱ्या रुग्णालयाशी तुलना करू नका. त्या छेदात नसलेलं प्रत्येक बाळ कुणाच्या तरी घरचं होतं.