थंड पडलेला स्टोरेज हीटर: दोष नेमका कुठे?

ब्रिटनमध्ये गॅसची जोडणी नसलेल्या अनेक फ्लॅटमध्ये आणि खेड्यांतील घरांत खोली उबदार ठेवण्याचे काम आजही विजेचे स्टोरेज हीटर करतात. रात्री विजेची मागणी घटते, पण मोठी वीजकेंद्रे रोज बंद-चालू करणे परवडत नाही. म्हणून रात्रीची वीज स्वस्त द्यायची आणि ती घरोघरी उष्णतेच्या रूपात साठवायची, अशी ही कल्पना आहे. १९६०च्या दशकात हे हीटर तिथे मोठ्या प्रमाणावर बसू लागले आणि १९७८ मध्ये रात्रीचे सात तास कमी दर देणारी ‘इकॉनॉमी ७’ योजना आली. महाराष्ट्रातील औद्योगिक ग्राहकांना लागू असलेल्या ‘टीओडी’ दरांमागेही वेळेनुसार वीज स्वस्त-महाग करण्याचेच तत्त्व आहे.

हीटरची रचना साधी असते. पत्र्याच्या पेटीत जड, दाट विटा रचलेल्या असतात आणि विटांच्या थरांमधून तापणारी एलिमेंट गेलेली असतात. पूर्ण तापल्यावर विटांचे तापमान ६०० अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकते. भोवतीच्या उष्णतारोधक थरामुळे ही उष्णता दिवसभर हळूहळू बाहेर पडते. वरच्या बाजूला सहसा दोन नॉब असतात. ‘इनपुट’ नॉब रात्री किती उष्णता साठवायची ते ठरवतो, तर ‘आउटपुट’ नॉब आतली झडप उघडून साठवलेली उष्णता लवकर बाहेर सोडतो. साठवण रात्री आणि वापर दिवसा, त्यामुळे संध्याकाळी जाणवणारा दोष पुष्कळदा आदल्या रात्रीच घडून गेलेला असतो. जुन्या हीटरची तपासणी करताना हे सतत ध्यानात ठेवावे लागते.

पहिला प्रश्न असा की सगळे हीटर थंड आहेत की एकच? सगळेच थंड असतील तर हीटर उघडण्याचे कारण नाही. दोष वीजपुरवठ्यात शोधायचा. अशा घरात रात्रीच्या विजेसाठी बहुधा वेगळा फ्यूज बोर्ड असतो आणि त्याला वीज सोडण्याचे काम टाइम स्विच किंवा कॉन्टॅक्टर करतो. जुन्या यांत्रिक टाइम स्विचचे घड्याळ वीज गेली की मागे पडू शकते, आणि मग हीटर भलत्याच वेळी, कधी महागड्या दरातही, तापू लागतात. शिवाय बरीच घड्याळे वर्षभर ग्रिनिच वेळेवरच चालतात. उन्हाळ्यात ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे केल्यावर स्वस्त विजेची वेळही तासभर उशिरा आल्यासारखी दिसते. तो बिघाड नव्हे.

अनेक घरांत ही वेळ रेडिओ टेलिस्विच ठरवत असे. बीबीसी रेडिओ ४च्या १९८ किलोहर्ट्झ लाँग वेव्ह प्रक्षेपणातून आलेला संकेत हे यंत्र ओळखे आणि वीज जोडे किंवा तोडे. ही सेवा ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले. जुने यंत्र तसेच राहिलेल्या घरात हीटर मुळीच न तापण्याचा, भलत्या वेळी तापण्याचा किंवा अखंड तापत राहण्याचा संभव असतो. अशा वेळी दुरुस्ती हीटरची नव्हे, तर मीटरची करावी लागते आणि ती वीज कंपनीनेच करायची असते. खात्री करून घेणे सोपे आहे. झोपण्यापूर्वी आणि सकाळी मीटरवरील रात्रीच्या दराचा आकडा टिपून ठेवावा. पूर्ण चार्ज होणारा ३.४ किलोवॉटचा एक हीटर सात तासांत सुमारे २४ युनिट घेतो. आकडा जेमतेमच सरकला असेल, तर विटांपर्यंत वीज पोहोचलेलीच नाही.

एकच हीटर थंड असेल तर आधी भिंतीवरचा त्याचा स्विच आणि बोर्डावरील त्याचा फ्यूज पाहावा. मग इनपुट नॉब अगदी कमीवर तर नाही ना, हे तपासावे. यानंतर पाळी येते अतितापापासून संरक्षण देणाऱ्या कट-आउटची. हीटरवर कपडे वाळत घातले किंवा त्याला सोफा टेकवला तर हवा कोंडते आणि कट-आउट वीज तोडतो. काही मॉडेलमध्ये तो बटण दाबून पूर्ववत करता येतो, काहींमध्ये बदलावा लागतो. हवेची वाट मोकळी असूनही तो पुन्हा पुन्हा तुटत असेल, तर इनपुट थर्मोस्टॅटवर संशय घ्यावा. थर्मोस्टॅटला जोडलेल्या धातूच्या बारीक नळीतील द्रव उष्णतेने प्रसरण पावतो आणि त्याच्या दाबाने वीज तुटते. नळी चिरून द्रव गळाला की तो दाबच निर्माण होत नाही, वीज चालू राहते आणि विटा प्रमाणाबाहेर तापतात.

हीटर तापतो, पण निम्माशिम्माच, ही तक्रार बहुधा एलिमेंटची असते. सर्रास आढळणाऱ्या १.७, २.५५ आणि ३.४ किलोवॉटच्या हीटरमध्ये प्रत्येकी ८५० वॉटची अनुक्रमे दोन, तीन आणि चार एलिमेंट समांतर जोडलेली असतात. त्यामुळे एक तुटले तरी बाकीची चालत राहतात. २३० व्होल्टवर चालणाऱ्या अशा एलिमेंटचा रोध सुमारे ६२ ओहम भरतो. प्रत्येकाची तार सोडवून मोजल्यावर ज्याचा रोध अनंत दाखवला जातो ते तुटलेले.

हीटर सकाळी कढत आणि संध्याकाळी गार असेल तर साठवण नीट झालेली असते. निसटते ती उष्णता. बहुतेक वेळा आउटपुट नॉब रात्रभर उघडा राहिलेला असतो. झोपण्यापूर्वी तो बंद करून दुसऱ्या संध्याकाळी गरज पडेल तसा उघडावा. नॉब फिरवूनही फरक पडत नसेल तर झडप अडकली आहे किंवा तिचा दांडा निखळला आहे, असे समजावे. उष्णतारोधक थर खचला असला तरीही हीच लक्षणे दिसतात.

नॉब, स्विच आणि मीटर पाहणे कोणालाही जमते. पेटी उघडणे मात्र जाणकार इलेक्ट्रिशियनचेच काम आहे. विटा बंद केल्यावरही कितीतरी तास भाजण्याइतक्या तापलेल्या असतात. पंखा असलेल्या हीटरला रात्रीची आणि चोवीस तासांची अशा दोन जोडण्या असतात, म्हणून एक स्विच बंद करून भागत नाही. १९७०च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या काही हीटरमध्ये ॲस्बेस्टॉस आहे. त्यांची पेटी उघडूच नये. दुरुस्ती झाल्यावर इनपुट मध्यावर आणि आउटपुट बंद ठेवून हीटर एक पूर्ण रात्र चार्ज होऊ द्यावा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याची ऊब तपासावी. इतका वेळ गेल्यावरच दुरुस्ती साधली की नाही ते ठरवता येते.