दाढीवाल्या सरड्याचे पिल्लू आणि पालेभाजी

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, अशी आपल्याकडे म्हण आहे. ऑस्ट्रेलियातील एका सरड्याने मात्र हे कुंपण केव्हाच ओलांडले असून, तो तेथील अनेक घरांच्या दिवाणखान्यात मानाने नांदत आहे. ‘बिअर्डेड ड्रॅगन’, म्हणजेच दाढीवाला सरडा, हे त्याचे नाव. अमेरिका, ब्रिटन आणि युरोपातील अन्य देशांतही तो हौसेने पाळला जातो. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे वा नातवंडांकडे गेल्यावर, काचेच्या पेटीत दिव्याखाली ऐटीत बसलेला हा प्राणी काही वाचकांनी पाहिलाही असेल. ज्या घरात त्याचे पिल्लू असते, तेथे एक तक्रार हमखास ऐकू येते आणि ती आपल्या घरोघरीच्या तक्रारीहून फारशी वेगळी नाही : पिल्लू भाजीला तोंडच लावत नाही! तक्रार वरकरणी गमतीची वाटली, तरी त्या चिमुकल्या जीवाची हाडे आणि त्याचे पुढील आयुष्य यांच्याशी ती निगडित आहे.

ओळख

या सरड्याचे शास्त्रीय नाव ‘पोगोना व्हिटिसेप्स’. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरडे, निमओसाड प्रदेश व विरळ झाडी येथे त्याचे नैसर्गिक वास्तव्य असते. भय वाटल्यास किंवा प्रतिस्पर्धी समोर आल्यास तो गळ्याखालची काटेरी त्वचा फुगवून काळी करतो; हीच त्याची दाढी. आपल्या बागेत मान डोलावणारा सरडा आणि हा परदेशी सरडा एकाच ‘अगामिडी’ कुळातील आहेत. स्वभावाने तो शांत असल्यामुळे, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली लहान मुलांनाही त्याला हाताळता येते. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू सुमारे १० सेंटिमीटर लांब आणि अवघ्या २ ते ३ ग्रॅम वजनाचे असते. पूर्ण वाढ झालेला सरडा शेपटीसह ४० ते ६० सेंटिमीटर लांब भरतो. योग्य निगा राखल्यास तो साधारणतः ८ ते १२ वर्षे साथ देतो.

पिल्लू भाजी का नाकारते?

हा प्राणी मिश्राहारी आहे. तथापि त्याच्या आहाराचे प्रमाण वयानुसार पालटत जाते. पहिल्या काही महिन्यांत त्याची वाढ अतिशय झपाट्याने होत असल्याने त्याला भरपूर प्रथिनांची गरज असते व ती किड्यांतून भागते. या काळात आहाराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग किड्यांचा आणि उरलेला पाल्याभाजीचा, असा ठोकताळा पाळला जातो. वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास वाढ मंदावते आणि हेच प्रमाण उलटे होते. पाला, फुले व भाज्या मुख्य अन्न ठरतात, तर किडे तोंडी लावण्यापुरते उरतात.

दुसरे कारण नजरेचे आहे. पिल्लाचे लक्ष हालचालीकडे तत्काळ वेधले जाते. तुरुतुरु धावणारा रातकिडा त्याला भक्ष्य म्हणून लगेच उमगतो. बशीत निश्चल पडलेले पान मात्र त्याच्या लेखी अन्नच नसते. म्हणून भाजी नाकारणाऱ्या पिल्लाला हट्टी ठरवणे अन्यायाचे होईल. ते आपल्या वयाला साजेसेच वागत असते.

मग भाजीचा आग्रह लहानपणापासून का धरावा? कारण पानाची चव आणि ओळख लहानपणी झाली नाही, तर मोठेपणी ती करून देणे फार अवघड जाते. केवळ किड्यांवर पोसलेला प्रौढ सरडा स्थूल होतो व त्याच्या यकृतात चरबी साठण्याचा धोका संभवतो.

हाडांतील ठेव

पाळीव सरड्यांना प्रायः दिल्या जाणाऱ्या रातकिड्यांत स्फुरद पुष्कळ, तर कॅल्शियम अत्यल्प असते. वास्तविक आहारात कॅल्शियमचे प्रमाण स्फुरदाच्या जवळजवळ दुप्पट असावे लागते. ते कमी पडले, की रक्तातील पातळी टिकवण्यासाठी शरीर हाडांतील कॅल्शियम काढून घेऊ लागते. बँकेच्या परिभाषेत सांगायचे, तर भरणा बंद आणि उचल मात्र चालू, अशी ही अवस्था होय. परिणामी जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंगाला कंप सुटतो आणि क्वचित साध्या उडीनेही हाड मोडते. वाढीच्या वयात हा विकार विशेष वेगाने बळावतो. वेळीच उपचार झाल्यास तो आटोक्यात येतो. परंतु एकदा वाकलेले हाड बहुधा तसेच राहते.

यावर उपाय तिहेरी आहे. पहिला, कॅल्शियमयुक्त पालेभाजी. दुसरा, किड्यांवर भुरभुरण्याची स्फुरदविरहित कॅल्शियमची पूड. तिसरा, प्रकाश. कॅल्शियम शरीरात शोषले जाण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते व ते अतिनील-ब किरणांच्या साहाय्याने त्वचेत तयार होते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात हे किरण जवळजवळ नसतातच. त्यामुळे पेटीत सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची खास नळी बसवावी लागते. ही नळी उजेड देत राहिली, तरी तिच्यातील अतिनील किरण कालांतराने क्षीण होतात. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीनंतर ती बदलणे अगत्याचे असते.

कोणती भाजी द्यावी?

मोहरीचा पाला, सलगमचा पाला, एंडाइव्ह, डॅंडेलियनची पाने व फुले या गोष्टी उत्तम समजल्या जातात. किसलेला लाल भोपळा आणि जास्वंदीची फुले पिल्लांना रंगामुळे आकर्षित करतात. पालक व बीटचा पाला आपल्याकडे पौष्टिक मानला जात असला, तरी त्यांतील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते. सबब हे पाले नित्य देऊ नयेत. आइसबर्ग लेट्यूसमध्ये मुख्यतः पाणीच असते. फळे गोड असल्याने अधूनमधून, तीही अल्प प्रमाणात द्यावीत. अॅव्होकाडो व रुबार्ब पूर्णतः वर्ज्य समजावेत. बागेतून किडे पकडून देणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी : काजवा या सरड्यांना प्राणघातक ठरतो. कीटकनाशक फवारलेला पाला देऊ नये. बाजारातील भाजी स्वच्छ धुऊनच द्यावी.

सवय कशी लावावी?

दिवे लागल्यानंतर तासाभरात अंग तापले, की पिल्लाला भूक लागते. हीच वेळ साधून प्रथम भाजी ठेवावी आणि किडे नंतर द्यावेत. पाने अगदी बारीक चिरावीत; पिल्लाच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा तुकडा वा किडा असू नये. भाजीवर पाण्याचा हलका शिडकावा केल्यास पाने टवटवीत राहतात आणि पिल्लाच्या पोटात थोडे पाणीही जाते.

पान हलते दिसावे, यासाठी काही सोप्या युक्त्या आहेत. पानांची जुडी पेटीत टांगून ठेवली, तर ती झुलते व पिल्लू कुतूहलाने तिला तोंड लावते. भाजीच्या बशीतच दोन-चार अळ्या सोडल्यास, त्या टिपताना एखादे पान आपसूक तोंडात जाते. चिमटीत धरून हलवलेले पानही पुष्कळदा स्वीकारले जाते.

याखेरीज एक आडमार्ग आहे. रातकिडे पिल्लाला देण्यापूर्वी दिवसभर त्यांनाच ताजी पालेभाजी खाऊ घालावी. ज्या पिल्लाने अद्याप एकही पान चाखलेले नाही, त्याच्या पोटात भाजीचा काही अंश अशा रीतीने जातो.

‘उपाशी ठेवले, की आपोआप खाईल’ हा सल्ला मात्र पिल्लांच्या बाबतीत घातक आहे. भाजी नाकारली, तरी किड्यांचा आहार बंद करू नये. दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटांत खाल्ले जातील इतकेच किडे द्यावेत आणि उरलेले काढून घ्यावेत.

भूक मंदावल्यास प्रथम तापमान तपासावे. ऊन खाण्याच्या जागेचे तापमान सुमारे ४० अंश सेल्सियस असावे व पेटीचे दुसरे टोक त्याहून पुष्कळ थंड असावे. पुरेशी ऊब नसेल, तर या प्राण्याला अन्न पचत नाही. नव्या घरी आल्यावर आरंभीचे काही दिवस तो कमी खातो, हेही स्वाभाविक आहे. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर दर आठवड्याला वजन करून वहीत नोंद ठेवावी. वजन घटत असेल, विष्ठा पातळ होत असेल किंवा अंगाला कंप सुटत असेल, तर विलंब न लावता पशुवैद्यकास दाखवावे.

कायद्याची बाजू

ऑस्ट्रेलियातून या सरड्यांच्या व्यापारी निर्यातीस कायद्याने बंदी आहे आणि खुद्द तेथेही अनेक राज्यांत ते पाळण्यासाठी परवाना लागतो. अन्य देशांतील पाळीव सरडे बंदिस्त पैदाशीतून आलेले असतात. भारतात विदेशी सजीव प्राण्यांची आयात परवान्याविना करता येत नाही. त्यामुळे कोणी असा प्राणी विकू पाहत असल्यास, पैसे देण्यापूर्वी कागदपत्रांची खातरजमा करणे इष्ट.

उरतो तो धीराचा प्रश्न. सकाळी मांडलेली चिमूटभर भाजी संध्याकाळी जशीच्या तशी उचलून टाकावी लागते आणि हा क्रम काही आठवडे, कित्येकदा काही महिने चालतो. आवर्ती ठेवीचे आरंभीचे हप्तेही असेच नगण्य भासतात. तरीही बशी रोज मांडावी. वाढीचा वेग ओसरला, की एखाद्या सकाळी पिल्लू त्या बशीपाशी येते, मान किंचित कलती करते आणि एक पान उचलते. त्या क्षणी पान त्याच्या ओळखीचे असावे, एवढ्यासाठीच ही सारी खटपट असते.